सातव्या दिवसाचं पाणी

भात करपला. पाच भिक्खू जेवायला यायचे होते, त्यांच्यामागून पन्नास माणसं, आणि मोठ्या पातेल्याचा तळ लागला. हमोन म्हातारीला तो वास ओटीवर बसल्या जागी आला. ती चिरूट खाली ठेवून उठली, भिंतीला धरून मागल्या चुलीकडं गेली.

"इथं कोण होतं?"

"मी होते आई," म्यासेन म्हणाली.

"मग तुझं नाक कुठं होतं? माहेरी?"

 वरचा चांगला भात धाकटी सून दुसऱ्या भांड्यात काढायला लागली. एरवी म्हातारीनं एवढ्यावर सोडलं नसतं. धाकट्या लेकानं, चॉदुननं, वरच्या गावची ही मुलगी आणली तेव्हापासून चार वर्षं तिनं एक संधी सोडली नव्हती. पण आज ती खाली बसली, स्वतः झारा घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "वरवर काढ. खरवड हलवू नकोस, सगळ्याला वास लागेल."

म्यासेननं मान वर करून पाहिलं. सासू आपल्या शेजारी बसून भात उपसतेय हे तिला खरं वाटेना.

"चॉदुननं मला काल सांगितलं," म्हातारी म्हणाली.

म्यासेनच्या हातातला भात परत पातेल्यात पडला.

"घाबरू नकोस. तू बरोबर केलंस. थोरलीची पोरगी बाहेर मेली. साप चावून, परक्या गावात, दवाखान्याच्या खाटेवर. तसल्या मरणाचं माणूस घाईघाईनं मिळेल त्या दारात शिरायला बघतं. तू दार लावलंस. आता तिला पुढं जाऊ दे. तिच्या वाट्याला काही चांगलं असेल तर इथं कशाला यायचं तिनं? ह्या खाडीत? आमच्या चार पिढ्यांनी इथं कोळंबी मारली, टोपल्यांनी मारली. तिला नऊच वर्षं मिळाली, ती काय उगाच?"

"आई, असं नका म्हणू."

"मी म्हणत नाही, धर्म म्हणतो. आणि हे थोरलीला कळता कामा नये. तुझ्या-माझ्यात राहू दे."

तुझ्या-माझ्यात. चार वर्षांत हे दोन शब्द म्हातारीच्या तोंडून पहिल्यांदा निघाले होते. ज्यासाठी म्यासेन इतके दिवस झुरली ते असं, करपलेल्या भातापाशी, पदरात पडलं. तिला ते नको होतं.

*

मिन्योला साप चावला तो कापणी झालेल्या शेतात. धसकटांत बदकं शोधायला गेली होती. पोटरीला चावला. गावात सापाचं औषध देणारा म्हातारा होता, पण थोरल्या सुनेनं, न्वेयीनं, त्याला बोलावलं नाही. तिनं मुलीला होडीत घातलं, नवऱ्याला, बाथॉला, वल्ह्यावर बसवलं आणि ओहोटीच्या उलट्या पाण्यातून तालुक्याला नेलं. तिथं सुया दिल्या. दोन दिवस पोरगी बोलत होती, भात मागत होती. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, अंग सुजलं, आणि संध्याकाळी ती गेली.

त्याच होडीतून तिला परत आणली, तर धक्क्यावर मुखिया ऊ लून चार माणसं घेऊन उभा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो पायरीवरून हलला नाही. बाहेर मेलेलं माणूस गावात येत नाही. त्याच्या बापाला येता आलं नव्हतं, बाथॉच्या बापालाही नाही. मिन्योला होडीतूनच पलीकडच्या काठाला, स्मशानातल्या पडवीत नेलं. तिथं तिला धुतलं, तिथंच गालांना तनाखाच्या सालीचा लेप लावला. आणि सगळ्यांची पाठ वळल्यावर न्वेयीनं होडीतल्या भातपातेल्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि मुलीच्या डाव्या कानामागं घासून लावली. आमच्या खाडीकाठी आया हेच करतात. परत जन्माला आली तर तिथं काळा डाग असेल, आणि ओळख पटेल.

मातीला देऊन परतताना न्वेयीनं स्मशानाच्या कुंपणातली एक फांदी मोडून आणली. मुखियानं देहाला अडवलं होतं, फांदीला अडवलं नाही. ती फांदी सात दिवस मिन्योच्या चटईवर होती. जीव तिच्यावर बसतो म्हणतात. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण द्यायचं, पुण्य वाटायचं, पाणी ओतायचं, की जीव मोकळा होऊन आपल्या वाटेनं जातो.

पहिल्याच दिवशी म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "घरी ठेवली असतीस तर घरी मेली असती. आपल्या चटईवर." त्या दिवसापासून न्वेयी सासूशी बोलली नव्हती.

*

मागल्या अंगणात बायका मोहिंग्याच्या रश्शासाठी मासे सोलत होत्या. काम हाताला होतं, तोंडं मोकळी होती.

"कुणाला दिसली का गं पोर?" शेजारच्या मा पूनं विचारलं. "सात दिवस झाले. एव्हाना कुणाच्या तरी स्वप्नात यायला हवी."

"तुझ्याकडं आली तर?"

"आली तर सांगीन, बाई गं, सहा आधीच आहेत, सातवीला चटईवर जागा नाही. नवऱ्याला खाली कुत्र्यापाशी झोपवते तेव्हा कुठं माझे पाय लांब होतात."

बायका खळखळून हसल्या, आणि एकाएकी थांबल्या. न्वेयी केळीच्या पानांचा भारा घेऊन मागं उभी होती. सात दिवसांत तिचं तोंड निम्मं झालं होतं.

"हसा ना," ती म्हणाली. "मिन्यो तुमच्याहून जास्त हसायची. फक्त कुणाला दिसली तर मला सांगा. डाव्या कानामागं खूण आहे. मला ती परत नको. जिची होईल तिची होऊ दे. माझी पिशवी तर डॉक्टरनं कधीच काढून टाकली. मला नुसतं लांबून बघायचंय."

मा पूनं डोळे पुसले. "आली तर ती म्यासेनकडंच येणार बघ. दिवसभर काकीच्या मागं मागं असायची."

सगळ्यांनी म्यासेनकडं पाहिलं. ती माशाचा काटा काढत होती. तो तिला निघेना.

न्वेयी तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुला दिसली का गं?"

"नाही ताई."

"खरंच नाही?"

"नाही."

न्वेयीनं तिच्या हातातून मासा घेतला, अलगद काटा काढून दिला. "दिसेल," ती म्हणाली. "आजचा दिवस आहे अजून." आणि पानं घेऊन वर गेली.

म्यासेन तशीच बसून राहिली. ह्या घरात तिला पाय ठेवायला मिळाला तो ह्या बाईमुळं. म्हातारीनं दार अडवलं होतं तेव्हा न्वेयीच आडवी आली होती. "आई, तिला आत घ्या, नाहीतर मीही चुलीला हात लावणार नाही." दोघी मिळून म्हातारीची नक्कल करायच्या, मिन्यो पहारा करायची.

आणि चौथ्या रात्री मिन्यो आली होती. शाळेची हिरवी लुंगी, हातात कपड्यांचं बोचकं. म्यासेन आणि चॉदुनच्या वेगळ्या घराच्या शिडीखाली उभी राहून वर बघत होती. कुरकुर नाही, रडणं नाही. पाहुण्याच्या घरी गेल्यावर मुलं विचारतात तसं तिनं विचारलं, "काकी, वर येऊ?"

झोपेत माणूस खोटं बोलू शकत नाही. म्यासेन म्हणाली होती, "नको. इथं जागा नाही. दुसरीकडं जा."

मिन्यो "बरं" म्हणाली. बोचकं ह्या हातातून त्या हातात घेतलं आणि वळली. म्यासेन ओरडत उठली तेव्हा चॉदुन तिला गदागदा हलवत होता.

ती दोन महिन्यांची गरोदर होती. हे फक्त चॉदुनला माहीत होतं; आईलाही त्यानं नुसतं स्वप्न सांगितलं होतं.

*

भिक्खू जेवले. दुपार व्हायच्या आत जेवण आटोपलं, पात्रं बाजूला झाली. थोरले भंते भिंतीला टेकून बसले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं होतं, बाथॉला त्यांनीच अक्षरं शिकवली होती, मिन्योलाही. माणसं ओटीपासून शिडीपर्यंत दाटीनं बसली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. न्वेयी आणि बाथॉ पुढं गुडघ्यांवर बसले. मध्ये पाण्याचं भांडं आणि रिकामा वाडगा.

"जन्मलेलं मरतं," भंते म्हणाले. "जो तो आपल्या कर्माचा वारस. आईबापाला ते वाटून घेता येत नाही. तिचं तिच्याबरोबर गेलं. तुम्ही द्यायचं ते एवढंच. आजचं पुण्य द्या, आणि आस सोडा. आस धरलीत तर तिचा पाय अडकेल."

"भंते," न्वेयी म्हणाली, "ती परत आली तर ती तीच असेल का?"

"तीच नाही. दुसरीही नाही."

"मला समजेल असं सांगा."

 "मी साठ वर्षं हेच सांगत आलोय," भंते म्हणाले. "मलाही ते सांगण्यापुरतंच समजलंय. माझी आई गेली तेव्हा मीही विहाराच्या कुत्रीच्या पिल्लांकडं बघत बसलो होतो. पाणी ओत, मुली."

बाथॉनं भांडं उचललं. न्वेयीनं त्याच्या हाताला हात लावला.  सात दिवस त्यानं दारू घेतली नव्हती आणि त्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

"थांबा!"

आवाज मागून आला. म्यासेन दारात उभी होती, हात माशाच्या खवल्यांनी भरलेले.

"खाली बस," म्हातारी दातओठ खात म्हणाली. "खाली बस म्हणते ना."

"पाणी ओतलं की ती जाईल. ताई, ती जाईल! ती आली होती. माझ्याकडं आली होती."

न्वेयीनं हात काढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे उमललं ते बघून म्यासेनला पुढचं बोलवेना. सात दिवसांत पहिल्यांदा त्या तोंडावर जीव आला होता.

"कधी?"

"चौथ्या रात्री."

"कशी होती? पाय सुजला होता का?"

"नाही. चांगली होती. हिरवी लुंगी होती. बोचकं होतं हातात."

"बोचकं," न्वेयी म्हणाली आणि हसली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलंत? राहायला आली होती." मग परत जावेकडं. "मग? आत घेतलंस ना?"

म्यासेन बोटांना चिकटलेले खवले काढायला लागली.

"म्यासेन, काय म्हणालीस तिला?"

"म्हणाले..." म्यासेन खाली बसली. "म्हणाले, इथं जागा नाही. दुसरीकडं जा."

कुणीतरी बाई "अरे देवा" म्हणाली. चॉदुन पुढं सरकून बायकोच्या शेजारी बसला. एरवी दर वाक्याला चेष्टा करणारा तो माणूस आता नुसतं "वहिनी, वहिनी" करत होता.

"आणि ती काय म्हणाली?" न्वेयीनं विचारलं.

"बरं म्हणाली."

"बरं म्हणाली."

"बरोबर केलं तिनं!" म्हातारी मध्ये पडली. "बाहेरचं मरण घरात घ्यायचं का? उद्या हिच्या पोटी..."

"तुम्ही बोलू नका," न्वेयी म्हणाली. सात दिवसांनी सासूला म्हटलेले हे पहिले शब्द. "तुम्ही सगळ्यांनी तिला धक्क्यावरूनच हाकललंत. पण ही? हिच्या अंगावर खेळून मोठी झाली ती. रस्त्यावरच्या कुत्र्याला तू शिळा भात घालतेस, म्यासेन. माझ्या पोरीला नाही म्हणालीस?"

"ताई, ती जागा मोकळी नाही."

"म्हणजे?"

म्यासेननं लुंगीच्या गाठीपाशी हात नेला. बायकांना तेवढ्यानं कळलं. पुरुषांना जरा वेळानं.

"माझा तो," म्यासेन म्हणाली. "तीन दिवसांचा गेला तो. मागच्या पावसाळ्यात. त्याचं कुणी काही केलं नाही. सातवा केला नाही, भिक्खूंना बोलावलं नाही. एवढ्याशाचं करत नाहीत म्हणालात सगळे. चॉदुननं टोपलीत घालून नेला. मी त्याच्या तळपायाला काजळी लावली होती. आणि तूच मला म्हणालीस ताई. माझं डोकं मांडीवर घेऊन तूच म्हणालीस, रडू नकोस, तो वाट चुकलाय, परत येईल, त्याची जागा राखून ठेव, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी राखली. चौथ्या रात्री जागा राखलेली होती म्हणून मी..."



न्वेयीला ती संध्याकाळ आठवली. पाऊस होता, बाळंतिणीच्या खोलीतला निखारा धुमसत होता. दुसऱ्याच्या दुःखात माणूस जे तोंडाला येईल ते बोलतं. तिला तेव्हा घरी जायची घाई होती, मिन्योला ताप होता. काहीतरी बरं बोलायचं म्हणून ती बोलून गेली होती. तिचा त्यावर तेव्हा विश्वासही नव्हता. विश्वास तिला आता, ह्या सात दिवसांत बसला होता.

"भंते," ती म्हणाली, "मी पाणी नाही ओतलं तर?"

"न्वेयी!" बाथॉ म्हणाला.

"तर तिला आजचं पुण्य पोचणार नाही," भंते म्हणाले. "अडकली असेल तर अडकून राहील. उपाशी. लोक तसं म्हणतात, ग्रंथही तसं म्हणतात."

"कुठं राहील?"

"जिथं बोलावणं मिळालं नाही तिथंच."

"म्हणजे शिडीखाली."



बाथॉनं बायकोच्या कानाशी तोंड नेलं. तो फार बोलणारा नव्हता. "वल्हवताना मला दिसत होतं," तो म्हणाला. "ती निळी पडत होती. पाणी उलटं होतं, माझे हात तुटत होते, आणि ती मला म्हणत होती, बाबा, हळू मारा. आता आणखी तिला थांबवू नकोस. ओत."

न्वेयी हलली नाही. तिचे डोळे म्यासेनवर होते.

म्यासेन उठली. गर्दीतून वाट काढत बाहेर शिडीच्या वरच्या पायरीवर गेली आणि अंगणाच्या टोकाला आपल्या घराच्या शिडीखाली, कोंबड्या चरत होत्या त्या रिकाम्या जागेकडं बघत मोठ्यानं ओरडली, "मिन्यो! ये. मी बोलावतेय. वर ये, काकी बोलावतेय तुला. ये गं!"

 खालची माणसं नकळत शिडीपासून बाजूला सरली. एका बाईनं आपलं पोर कडेवर उचललं.

न्वेयीला ओटीवरून जावेची पाठ दिसत होती, आणि एका बाजूनं हात दिसत होता. तोंडानं ती बोलावत होती. हात पोटावर होता. धरलेला नव्हता, आडवा होता. साप येतो तेव्हा आपण पोराच्या पुढं धरतो तसा.

न्वेयी तो हात बघत राहिली. तिनं मनात पुढचं सगळं पाहिलं. मूल होईल. म्यासेन आधी कानामागं बघेल, मग तळपाय बघेल. कानामागं डाग असला तर ती त्याला दूध पाजील, न्हाऊ घालील, सगळं नीट करील, ती वाईट बाई नाही. आणि रोज त्या मुलीकडं बघताना तिला तो टोपलीतला दिसेल, ज्याची जागा गेली. मिन्योला ते कळेल. तिला सगळं कळायचं. एकदा बरं म्हणून वळली, तशी आयुष्यभर त्या घरात बरं म्हणत राहील.

"म्यासेन, आत ये," न्वेयी म्हणाली. "पुरे."

"येईल ताई. मी आणखी बोलावते."

"पुरे म्हटलं ना. बस इथं."

तिनं भांडं एकटीनं उचललं. बाथॉनं हात लावायला घेतला, तो तिनं लागू दिला नाही. वाडग्यात पाण्याची धार पडायला लागली. भंते पाली म्हणू लागले, बाकीचे चौघे त्यांच्या मागून.

मृताचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा न्वेयीनं म्यासेनला विचारलं, "तुझ्या त्याचं नाव काय ठेवलं होतंस? त्यालाही देते ह्यातलं."

म्यासेननं झडप घालून तिचं मनगट धरलं. पाणी चटईवर सांडलं. "नको. ताई, नको! त्याला नको. तो जाईल."

 मग न्वेयीनं हळूच मनगट सोडवून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "तुझं तू ठेव."

आणि समोर भिंतीकडं, तिथं कुणीच नव्हतं, बघत ती बोलायला लागली. मूल शाळेला जायचं टाळतं तेव्हा आई जसं बोलते तसं.

"मिन्यो, हे तुझं आहे, घे. आणि जा. काकीच्या घरी जाऊ नकोस. ह्या घरीही येऊ नकोस. ह्या गावातच नको. तुझ्यासाठी मी जागा राखलेली नाही, कुणीच राखलेली नाही, वाट बघू नकोस. जिथं तुला कुणी ओळखत नाही तिथं जा. कानामागचं ते पुसून टाक. ऐकलंस? जा."

पाणी संपलं. "पुण्याचा वाटा घ्या, घ्या, घ्या," जमलेली माणसं म्हणाली, "साधू, साधू, साधू." म्हातारी हमोनही म्हणाली. जे जिंकायचं होतं ते तिनं जिंकलं होतं. तिनं थोरल्या सुनेच्या पाठीवर हात ठेवला. न्वेयीनं तो झटकला नाही आणि तिकडं पाहिलंही नाही.

*

भिक्खू गेले. माणसं जेवायला बसली. म्यासेननं चुलीपाशी जाऊन हात धुतले. परत येऊन पाहते तर न्वेयी वाढायला उठली होती आणि दाराच्या खांबाला धरून झुलत होती.

"हिनं डोळा मिटलाय का कधी?" मा पूनं बाथॉला विचारलं.

"नाही," बाथॉ म्हणाला. "दवाखान्यापासून नाही. म्हणायची, मी झोपले आणि ती दाराशी आली तर हाक ऐकू येणार नाही."

मा पू बघत राहिली. "अहो, मग ती दिसणार कशी हिला? जागं असलेल्या माणसाला कधी दिसतात का? सगळ्यांकडं जाऊन बघितलं असेल पोरीनं, पण आईच्या झोपेत शिरायला तिला फटच नव्हती."

बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. पण न्वेयीनं ऐकलं होतं.  तिनं खांब सोडला, ती आत गेली आणि लेकीच्या चटईवर आडवी झाली.

"आता झोपू दे," म्हातारी दबक्या आवाजात म्हणाली. "अजून सूर्य आहे. दिवस संपला नाही. कदाचित जाता जाता..."

 सगळ्यांना कळलं, आणि पन्नास माणसं आवाज न करता जेवली. मोहिंग्याच्या वाट्या हातावर धरून ओरपल्या, खाली ठेवल्या नाहीत. चहाच्या मुरवलेल्या पानांचं तबक हातोहात फिरलं. चॉदुननं अंगणातल्या कोंबड्या लांब हाकलल्या. निरोप घ्यायला कुणी आत गेलं नाही. माणसं एकेक करून शिडी उतरली, चपला हातात घेऊन.

म्यासेन उशाशी बसली आणि पंखा हलवत राहिली. न्वेयीचं तोंड उघडं होतं, श्वास खोल चालला होता. पापण्यांखाली काही हलतंय का ते म्यासेन बघत होती. मध्येच एकदा ओठ हलल्यासारखे वाटले. तिनं पंखा थांबवला आणि खाली वाकली. काही नव्हतं. ऊन चटईवरून सरकत भिंतीवर गेलं, तिथून छपराच्या झापांत. पलीकडं ओटीवर म्हातारी आणि दोघे भाऊ बसले होते. त्यांचं सगळ्यांचं लक्ष आत होतं.

भरतीचं पाणी घराखाली यायला लागलं तेव्हा न्वेयी जागी झाली. बराच वेळ ती छपराकडं बघत पडून राहिली.

"ताई," म्यासेननं विचारलं, "आली होती?"

"नाही."

"काहीच दिसलं नाही?"

न्वेयी उठून बसली. गालावर चटईचे वळ उमटले होते. तिनं ते तळहातानं चोळले.

"नाही," ती म्हणाली. "फार छान झोप लागली."